एका अर्धचंद्राचा फरक

सातपूर, नाशिक
१४ ऑगस्ट २०२३

प्रिय प्रतिभा,

मामाचा जय भीम घे. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. अगं, फोनवर तू बोलतेस ते मला पंखा फिरल्यासारखं ऐकू येतं. उभी नोकरी कंपनीत पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेससमोर गेली, मी निवृत्त होताना प्रेसने कान ठेवून घेतले. मयूरने कानाचं मशीन आणून दिलंय, पण ते मध्येच शिट्ट्या मारतं, म्हणून कपाटात ठेवलंय. शिवाय पत्रात एक सोय असते. मी माझ्या चालीने बोलतो आणि तुला मध्येच 'मामा, मुद्द्यावर या' म्हणता येत नाही.

मुद्दा तुझ्या भाच्याचा, संघर्षचा आहे. सात वर्षांचा झाला तरी जिना चढताना कठडा धरतो. खाली बसला की उठताना आधी गुडघ्यावर हात, मग मांडीवर हात, असा स्वतःच्याच अंगाला धरून उभा राहतो. पोटऱ्या मात्र जाडजूड. तुझी मामी कॉलनीभर सांगत फिरायची, "माझा नातू पैलवान व्हनार हाय, पाय बघा त्याचं." शेवटी शाळेतल्या बाईच म्हणाल्या की याला दाखवून आणा. नाशिकच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं. तिथे रक्त घेतलं, आणि परवा रिपोर्ट आणायला आम्ही गेलो. मस्क्युलर डिस्ट्रॉफी असं नाव आहे. स्नायू हळूहळू सुकत जातात म्हणे.

स्नेहाला रजा मिळाली नाही. सूनबाई आता कंपनीत पार्ट तपासायच्या क्वालिटी खात्याला परमनंट झाली आहे, आपल्या घरातली परमनंट झालेली पहिली बाई. म्हणून मी, मयूर आणि संघर्ष गेलो. डॉक्टरीणबाई बोलायला लागल्या आणि नेमकी संघर्षला लघवीला लागली. मयूर त्याला घेऊन बाहेर गेला, आणि मुख्य बोलणं माझ्या एकट्याच्या वाट्याला आलं. बाईंच्या तोंडावर मास्क. तरी मी कान देऊन ऐकलं. त्या म्हणाल्या, हे आईच्या करिअरमुळे येतं, वडिलांचा यात संबंध नाही, आणि पुढच्या मुलाच्या आधी करिअरचा नीट विचार करा. मी खात्री करायला विचारलं, "आईचं करिअर?" त्या म्हणाल्या, "हो, आईच." हे मला काही पटेना. पण डॉक्टर म्हणजे डॉक्टर.

तुला विचारण्याचं कारण असं की रिपोर्ट समजावताना त्यांनी स्प्लायसिंग हा शब्द काढला. तो शब्द मला बरोबर ऐकू आला, कारण तो आमचाच आहे. कन्व्हेयरचा पट्टा फाटला की फाटका भाग कापून दोन टोकं जोडायची, त्याला कंपनीत स्प्लायसिंग म्हणायचे. आणि तू पीएचडी झालीस तेव्हा मी पेढे वाटताना हाच शब्द सांगत होतो. तेव्हा दोन गोष्टी कळव. करिअरचं खरं आहे का, आणि तुमचं औषध कधी येतंय.

तुझा मामा,
धोंडीराम


हैदराबाद
२ सप्टेंबर २०२३

आदरणीय मामा,

जय भीम. तुमचं पत्र घेऊन मी लॅबच्या जिन्यात बसले होते. संघर्षला मी शेवटचं पाहिलं तेव्हा तो माझ्या चपला घालून घरभर फिरत होता. आधी तुमच्या पट्ट्याचं लिहिते.

तुमचा पट्टा अगदी बरोबर आहे. आपल्या प्रत्येक पेशीत जीनचा मजकूर असतो. पेशी त्याची एक नक्कल काढते, तिला आरएनए म्हणतात. ही नक्कल जशीच्या तशी वापरत नाहीत. तिच्यातले नको ते भाग कापून टाकतात आणि हवे ते तुकडे जोडतात. एकाच नकलेतून हृदयात एक जोडणी होते, मेंदूत दुसरी. कुठला तुकडा ठेवायचा आणि कुठला गाळायचा हे पेशी कसं ठरवते, हा आमच्या लॅबचा विषय. तुम्ही लिहिलंत त्यावरून संघर्षच्या स्नायूंच्या जीनमध्ये एक जोड चुकीच्या जागी बसतो. त्यामुळे पुढचं सगळं वाचन बिघडतं आणि स्नायूंना धरून ठेवणारं प्रथिन बनतच नाही. आम्ही काय करून बघतो, तर एक छोटी रासायनिक पट्टी त्या चुकीच्या जागेवर चिकटवतो, म्हणजे पेशी तो तुकडा ओलांडून पुढचा जोडते. प्रथिन थोडं आखूड बनतं, पण बनतं. दुसऱ्या एका मुलाच्या पेशींमध्ये आम्हाला हे जमलंय. पेशींमध्ये, काचेच्या डिशमध्ये. मामा, हे औषध नाही. कृपा करून घरात तसं सांगू नका.

आता तुमचा पहिला प्रश्न. डॉक्टर बरोबर बोलल्या. आई कॅरियर असेल तर हे होतं, आणि पुढच्या मुलाआधी त्याचा सोक्षमोक्ष लावायलाच हवा. पण स्नेहाला कोणी एका शब्दाने बोलायचं नाही. कॅरियर असणं हा काही तिचा गुन्हा नाही. कितीतरी बायकांच्या बाबतीत हे असतं, आणि मुलावर त्याचा असा परिणाम होईल हे त्यांच्या स्वप्नातही नसतं. तिला नीट समजावून सांगा आणि काय ते तिला ठरवू द्या.

रिपोर्टचे फोटो मयूरला पाठवायला सांगा. स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील, त्या चुकवू नका.

तुमची,
प्रतिभा


सातपूर
२० ऑक्टोबर २०२३

प्रिय प्रतिभा,

तुझं पत्र सगळ्यांना बसवून वाचून दाखवलं. मामीला निम्मं कळलं नाही, पण ती म्हणाली, "पोरगी शिकली ते कामाला आलं बघा. नायतर आपल्याला कोन सांगनार व्हतं?" मलाही आधी करिअरचं पटत नव्हतं, पण तुझ्या हातचं वाचल्यावर शंका घ्यायला जागा राहिली नाही. आपण शिकलेल्याचं ऐकणारी माणसं. अंगारे-धुपारे आपल्या घरात माझ्या वडिलांनीच बंद केले.

स्नेहा त्या दिवशी पत्र संपताच उठून भांडी घासायला गेली आणि घासलेलीच भांडी परत घासत बसली. मयूर तिच्याशी बोलला. मग तिने स्वतःहून मन घट्ट केलं आणि तू म्हणालीस तसा करिअरचा सोक्षमोक्ष लावून टाकला. दिवाळीच्या आत सगळं पार पडलं. आता तो विषय आपल्या घरातून कायमचा मिटला, तू काळजी करू नकोस. तिला कोणी काही बोललेलं नाही, बोलू देणारही नाही.

मी घरात हॉलपासून मोरीपर्यंत भिंतीला पाइप बसवून घेतलाय. जुन्या दोस्ताच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग केलं. संघर्ष तो धरून जातो-येतो. दसऱ्याला पायऱ्या चढून त्रिरश्मी लेण्यांवर जायचं म्हणत होता. मी म्हटलं, पुढच्या वर्षी आत्याचं औषध आलं की पळत जाऊ.

तू औषध म्हणू नका म्हणालीस, म्हणून मी कॉलनीत फक्त पट्टी म्हणतो.

मामा


हैदराबाद
१२ नोव्हेंबर २०२३

आदरणीय मामा,

कॅरियरचं मिटलं हे वाचून जिवात जीव आला. खरं सांगते, मला त्याचीच धास्ती होती. म्हणजे हा दोष संघर्षच्या वेळी आपोआप उपटला, स्नेहाकडून आलेला नाही. असंही बऱ्याचदा होतं. मग पुढच्या मुलाची भीती बाळगायचं कारण नाही. स्नेहाला सांगा, मनात असेल तर बिनधास्त राहा. त्या घराला एका चांगल्या बातमीची गरज आहे.

रिपोर्ट पाहिला. इथे मात्र माझ्याकडे चांगली बातमी नाही. परदेशात या आजारावर अशा पट्ट्यांची चार-दोन औषधं निघाली आहेत, पण ती जास्त मुलांमध्ये सापडणाऱ्या तुकड्यांसाठी आहेत. संघर्षची चूक फारच कमी जणांत आढळते. त्याच्यासाठी वेगळी पट्टी घडवावी लागेल. मी आमच्या लॅबप्रमुख सरांकडे हट्ट धरला, ते हो म्हणालेत. त्यासाठी त्याच्या कातडीचा डाळीएवढा तुकडा लागेल. दुखणार नाही फार, बधिर करून घेतात.

आणि एक लिहायलाच हवं. असल्या औषधांच्या चाचण्यांत बहुतेक ठिकाणी चालणारी मुलंच घेतात. त्याला जितकं चालतं ठेवाल तितकं बरं. दमवू नका, पण बसवूनही ठेवू नका.

पाइपवर सायकलच्या मुठी बसवा. हिवाळ्यात लोखंड गार लागेल त्याला.

प्रतिभा


सातपूर
१७ जून २०२४

प्रिय प्रतिभा,

कातडीचा तुकडा तुझ्याकडे पोचून किती महिने झाले. संघर्ष विचारतो, "आजोबा, माझा तुकडा तिकडं काय करत असंल?" मी सांगतो, तो वाढतोय, आत्या त्याला शिकवते आहे.

शाळेत त्याचा वर्ग वरच्या मजल्यावर गेला. मयूर फर्स्ट शिफ्ट असली की सोडू शकत नाही, म्हणून मी पाठीवर घेऊन चढायचो. परवा दोघंही पडलो. मला खरचटलं, त्याला काही नाही, पण तो म्हणाला, मला शाळेत नाही जायचं. हेडमास्तरांना भेटलो, म्हटलं वर्ग खाली आणा. ते भले माणूस आहेत, पण खाली ऑफिस आहे आणि ऑफिस वर जात नाही.

चालतो अजून. टाचा टेकत नाहीत, चवड्यांवर चालतो, पोट पुढे काढून. पण चालतो. तू चालतं ठेवा म्हणालीस, म्हणून रोज संध्याकाळी कॉलनीच्या गेटपर्यंत नेतो. जाताना चालतो, येताना मी उचलतो. आता जड झालाय. हे चालणं संपायच्या आत तुमची पट्टी यायला पाहिजे, एवढंच माझं मागणं आहे. दुसरं काही मी कोणाकडे मागितलं नाही. तुमच्या सरांना माझा जय भीम सांग, आणि म्हणावं रात्रपाळी लागली तर लावा.

मामा


हैदराबाद
८ डिसेंबर २०२४

आदरणीय मामा,

जमलं.

संघर्षच्या कातडीच्या पेशींना आम्ही स्नायूच्या पेशी व्हायला लावलं, मग आमची पट्टी सोडली. कितीतरी पट्ट्या फुकट गेल्या. शेवटच्या दोनपैकी एकीने काम केलं. पेशीने तो चुकीचा तुकडा ओलांडला आणि पुढचा जोडला. ज्या जागी कधीच काही दिसायचं नाही तिथे प्रथिनाची एक फिकट रेघ दिसली. मी ती रेघ सरांना दाखवली आणि त्यांच्यासमोरच रडले. त्यांनी चहा मागवला.

आता पुढचं वाचताना मामीला जवळ बसवा. ही पट्टी डिशमधल्या पेशींपर्यंत पोचते कारण आम्ही ती हाताने वर ओततो. संघर्षच्या अंगातल्या प्रत्येक स्नायूत ती कशी न्यायची हे आम्हाला माहीत नाही. यकृताला, किडनीला काय करेल माहीत नाही. उंदरांवर बघायचं, मग मोठ्या प्राण्यांवर, मग परवानग्या. एका औषध कंपनीशी सर बोलले. तिथले लोक चांगले होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, असे रुग्ण देशात किती? आम्ही सांगितलं. मग त्यांनी विषय बदलला.

मामा, माझ्या टेबलावर संघर्षच्या पेशी दुरुस्त होतात आणि संघर्ष होत नाही. मी रोज लॅबमध्ये येते, त्या डिशकडे बघते आणि मला काहीही करता येत नाही. तुम्ही मला मोठी शास्त्रज्ञ समजता. मी जोड बघू शकते, लावू शकत नाही.

तो अजून चालतो ना? दिवाळीला आलेल्या तुमच्या पत्रात त्याबद्दल काही नव्हतं.

प्रतिभा


सातपूर
९ मार्च २०२५

प्रतिभाताई,

जय भीम. मी स्नेहा. तुम्हाला पहिल्यांदाच लिहितेय. तुमची पत्रं बाबा मोठ्याने वाचतात. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून त्यांना वाटतं दुसऱ्यालाही कमी येतं. त्यामुळे तुमचं पत्र आमच्याबरोबर शेजारच्या धनराजभाऊंनाही पाठ असतं. हे पत्र मात्र मी लिहिलंय हे कोणाला माहीत नाही.

तुम्ही विचारलं होतं, संघर्ष चालतो का. नाही. जानेवारीत थांबला. एक दिवस सकाळी म्हणाला, मम्मी, आज नको. मग दुसऱ्या दिवशीही नको म्हणाला. बाबांनी तुम्हाला कळवलं नाही, कारण त्यांना वाटतं तुमचे सर मग त्याचं नाव काढून टाकतील. व्हीलचेअर आली आहे. भिंतीच्या पाइपवर आता मी टॉवेल वाळत घालते.

मला तुमचा राग आहे, तो सांगते. मी कंपनीत परमनंट झाले होते. हातात मापाचं गेज घेऊन मी एखादा पार्ट नापास केला तर सुपरवायझरसुद्धा परत विचारायचा नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की आईच्या करिअरमुळे हे होतं, आणि तुम्ही लिहिलंत की बरोबर आहे. मी बाबांना म्हटलं, ताई स्वतः एवढं करिअर करते आणि मला असं कसं लिहिते? ते म्हणाले, तिचं शास्त्र आहे, शास्त्र कोणाचं तोंड बघून बोलत नाही. मग मीच विचार केला. संघर्ष पोटात असताना मी शेवटपर्यंत मशीनजवळ उभी होते. तिथलं ऑइल असेल, प्रेसचे हादरे असतील, काहीतरी असणारच, त्याशिवाय एवढी शिकलेली बाई लिहिणार नाही. मी राजीनामा दिला. गेटवर आयकार्ड परत करताना मी सिक्युरिटीवाल्यासमोर रडले.

त्यानंतर तुम्हीच लिहिलंत की करिअरचं मिटलं, आता पुढच्या मुलाची भीती नाही, बिनधास्त राहा. तुमच्या त्या शब्दावर आम्ही हे मूल ठेवलं. मला सातवा महिना लागलाय. मशीनच्या जवळपासही गेले नाही यावेळी. घरातून बाहेर पडले नाही म्हटलं तरी चालेल.

मला फक्त एवढं माझ्या नावावर लिहून पाठवा, हे बाळ चांगलं असेल ना?

स्नेहा


हैदराबाद
१५ मार्च २०२५

स्नेहा,

तुझं पत्र आल्याबरोबर मी फोन लावला होता. तू "हॅलो, ताई?" म्हणालीस आणि रेंज गेल्यासारखं करून मी फोन ठेवला. भित्री आहे मी. म्हणून लिहिते.

तुझ्या नोकरीमुळे काहीही झालेलं नाही. मशीनमुळे नाही, ऑइलमुळे नाही, हादऱ्यांमुळे नाही. डॉक्टर करिअर म्हणाल्याच नव्हत्या. त्या कॅरियर म्हणाल्या. क वर अर्धचंद्र. कॅरियर म्हणजे जिच्या अंगात जीनची चूक असते पण तिला स्वतःला त्रास होत नाही, आणि ती नकळत मुलाला देऊ शकते अशी बाई. डॉक्टर सांगत होत्या की पुढच्या मुलाच्या आधी तुझं रक्त तपासा. मामांना कमी ऐकू येतं, बाईंना मास्क होता. मामांनी पत्रात करिअर लिहिलं तेव्हा मला थोडं हसू आलं. मामा इंग्रजी शब्द कानाला येतील तसे लिहितात, असं म्हणून मी ते मनातल्या मनात दुरुस्त केलं आणि पुढे वाचलं. माझं उत्तर त्यांनी मोठ्याने वाचलं तेव्हा माझ्या कॅरियरचं पुन्हा करिअर झालं. मग त्यांनी लिहिलं, करिअरचं मिटलं. मी समजले की तुझी तपासणी झाली आणि तुझ्यात दोष निघाला नाही. तू नोकरी सोडलीस हे मला आत्ता तुझ्या पत्रातून कळतंय.

तुझी तपासणी कधी झालीच नाही. मी न तपासता तुला बिनधास्त राहा म्हटलं.

तू बाळाचं विचारलंस. तू कॅरियर नसशील तर बाळाला काही होण्याची भीती जवळजवळ नाही. असशील, तर मुलीला सहसा त्रास होत नाही, पण मुलगा असेल तर निम्मी शक्यता. सुरुवातीच्या महिन्यांत कळलं असतं तर बाळाचीही तपासणी करून काही ठरवता आलं असतं. आता ती वेळ गेली आहे. हे मी कुठल्याही गोड शब्दात लिहू शकत नाही.

पुढच्या शनिवारी मी येतेय. तुझं रक्त तपासणीसाठी मी स्वतः घेऊन जाईन. मला घरात घे किंवा घेऊ नकोस, तुझ्या मनावर आहे.

प्रतिभा


सातपूर
६ जुलै २०२५

ताई,

मुलगा झाला हे मयूरने तुम्हाला कळवलंच होतं. मी कॅरियर निघाले हा रिपोर्ट तुम्ही दिलात तेव्हापासून मी मुलगी होऊ दे म्हणत होते. आमच्या घरात देवाकडे मागायची सवय नाही, पण मी म्हणत होते.

काल बाळाचा रिपोर्ट आला. तुम्हाला मेल आली असेलच, तरी मी माझ्या हाताने लिहिते. संघर्षची जी चूक आहे तीच, त्याच जागी.

मयूरला सांगितलं. तो गच्चीवर जाऊन बसला, मग सेकंड शिफ्टला गेला. न जाऊन काय करणार होता? आईंना आणि बाबांना सांगायचं नाही असं आम्ही ठरवलंय. डॉक्टरांच्या केबिनमध्ये बाबा एकटे होते. हे त्यांच्या ऐकण्यामुळे झालं असं कळलं तर ते जेवायचं सोडतील, आणि मला या घरात आजारी पडणारा अजून एक माणूस नकोय. तुम्हीही सांगू नका. तुमच्याकडून मला एवढंच हवंय.

राग म्हणाल तर आता कोणावर काढावा तेच कळत नाही. कोणी खोटं बोललं नाही. सगळ्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं. कोणी वाईट असतं तर सोपं गेलं असतं.

बाळ पाय खूप झाडतं. आंघोळीच्या वेळी आईंना आवरत नाही. संघर्ष खुर्चीतून बघतो आणि हसतो.

तुमच्या पट्टीला अजून वेळ आहे, हे मला माहीत आहे. बाळालाही आहे थोडा. उत्तर लिहू नका. काम करा.

स्नेहा


सातपूर
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय प्रतिभा,

दुसऱ्यांदा आजोबा झाल्याचे पेढे तुला पाठवायचे होते, पण कुरियरवाला म्हणाला खराब होतील. तुझ्या वाटणीचे मीच खाल्ले. मामी रागावली, शुगर वाढली म्हणे.

पोरगा बघशील तर नजर ठरत नाही. काय लाथा मारतो! मामी मालिश करताना म्हणते, "ह्यो तं फुटबॉलच खेळनार, लय जोर हाय पायात." मी रोज बघतो, दोन्ही पाय सारखे उचलतो का, मूठ आवळतो का. सगळं झकास आहे. प्रतिभा, संघर्षकडे बघून माझं काळीज तुटतं. पण या धाकट्याकडे बघितलं की वाटतं, एक तरी वाचला. आणि तो तुझ्यामुळे वाचला. तू वेळेवर लिहिलं नसतंस तर स्नेहा नोकरीवर राहिली असती आणि हाही तसाच झाला असता. मी कंपनीच्या गेटवर गेलो होतो, तिथे तिचा जुना सुपरवायझर भेटला. त्याला पेढा दिला आणि सांगितलं, पोरीने हातातली परमनंट नोकरी सोडली, त्याचं सोनं झालं बघा.

तिलाही मी हेच सांगतो. रोज सांगतो, स्नेहा, तू जे केलंस त्याचं फळ मांडीवर आहे. ती मान खाली घालून बाळाला पाजत बसते. दमत असेल, दोघांचं करायचं म्हणजे सोपं नाही. परवा तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं. मी म्हटलं, आनंदाचं येऊ दे.

तुमचं औषध आता सावकाश आलं तरी चालेल. संघर्षपुरतंच लागणार आहे.

बाळाचं नाव ठेवायचंय, ये. आणि मला सांग, तू यातली जाणकार, हा कधी चालायला लागेल? संघर्षच्या अनुभवाने मी धसका घेतलाय. तुझ्या हातचं लिहून आलं की मला झोप लागेल.

मामा


हैदराबाद
३१ ऑगस्ट २०२५

आदरणीय मामा,

पत्र मिळालं. पेढे तुम्ही खाल्लेत ते बरं केलंत, पण आता बस करा.

माझं काम चालू आहे. पट्टी उंदरांना देऊन बघतोय. थोडी स्नायूंत जाते, हृदयात जात नाही. सर निवृत्त व्हायला आलेत, पण मी हा विषय सोडणार नाही, मला सोडताही येणार नाही. का ते विचारू नका.

स्नेहाबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. तिने जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं नसतं. पण मामा, रोज तिला ते म्हणू नका. माझ्यासाठी एवढं ऐका. कौतुकाचंही माणसाला ओझं होतं. तिला संध्याकाळी तासभर बाळापासून मोकळी करा आणि कुठे जातेस ते विचारू नका.

नावासाठी येते. नाव स्नेहालाच ठेवू द्या.

बाळ कधी चालायला लागेल, असं विचारलंत. वर्ष-दीड वर्षात लागेल, मामा. घरभर फिरेल, तुमचं बोट धरून कॉलनीच्या गेटपर्यंत येईल. एवढं मी तुम्हाला खात्रीने लिहून देते. तुम्ही झोपा.

तुमची,
प्रतिभा